कोनाड्यांतला निसर्ग

आमच्या मध्यम स्थितींतील सुशिक्षित घरांत अलीकडे निसर्ग राहावयास आला आहे. तो आपल्या पायांनीं आलेला नाहीं. पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसून आला, आणि त्याची पावती जपून ठेवावी लागते, कारण एखादें पान फाटकें निघाल्यास तो बदलून मिळतो. दिवाणखान्याच्या एका भिंतीवर हिरवें गवत चिकटविलेलें असतें. तें वाढत नाहीं, वाळत नाहीं, त्यास पाणी लागत नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण म्हणून पाहुण्यांस सांगितला जातो. निजावयाच्या खोलींत उशाकडील भिंतीवर कोठल्याशा परदेशी अरण्याचें छायाचित्र. न्हाणीघरांत नदींतल्या गोट्यांसारखी दिसणारी फरशी. स्वयंपाकघरांत लांकडासारखें भासणारें, परंतु लांकूड नव्हे असें कांहीं तरी. ह्या सर्वांस मिळून ‘घरांत निसर्ग आणणें’ असें म्हणतात. तें करून देणारे कारागीर व त्याविषयीं सल्ला देणारे पंडित आतां गांवोगांव झाले आहेत. ह्या मंडळींशीं आमचें वैर नाहीं. त्यांनीं खुशाल पोट भरावें. आमचें भांडण आहे तें त्यांच्या गिऱ्हाइकांशीं, म्हणजे आपणां सर्वांशींच.

हा लेख लिहिण्यास निमित्त झालें कोन येथील एका घराचें. कोन हें गांव पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांखालून गेलें असेल, पण लक्षांत राहिलें नसेल. कल्याणहून भिवंडीकडे निघालें व दुर्गाडी किल्ल्याजवळचा पूल ओलांडला, कीं उल्हास नदीच्या पैलतीरावर तें लागतें. नदी म्हटलें खरें, पण येथवर येतां येतां ती खाडी झालेली असते; भरतीच्या वेळीं तिचें पाणी उलटें चालूं लागतें. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली, त्यानंतर मराठ्यांच्या आरमाराचीं पहिलीं जहाजें ह्याच पाण्यावर बांधलीं गेलीं. त्या पाण्याच्या कांठीं खारजमिनी, त्यांना उधाणापासून राखणारे मातीचे बांध, बांधाच्या आंत भाताचीं खाचरें, बांधाच्या बाहेर चिखलांत उभीं असलेलीं तिवराचीं झाडें, आणि त्या चिखलांत निवट्या व चिंबोऱ्या, असा आगरी-कोळ्यांच्या ह्या मुलखाचा जुना संसार होता. तो अगदींच संपला असें नाहीं. परंतु भिवंडीच्या यंत्रमागांनीं आणि त्यांहूनहि अलीकडच्या अजस्र गोदामांनीं भोंवतालचीं खाचरें झपाट्यानें गिळलीं. २०११ च्या जनगणनेंत कोनास खेडें न मानतां नगर म्हणून मोजलें. ठाण्याहून भिवंडीमार्गें कल्याणास जाणाऱ्या मेट्रोच्या आराखड्यांत कोनगांव हें स्थानक आहे. तेव्हां येथें उंच इमारती उठाव्या, आणि त्यांतील घरें खाडीच्या देखाव्याच्या नांवावर विकलीं जावीं, हें ओघानेंच आलें.

अशाच एका इमारतींत सहाव्या मजल्यावर आमच्या एका स्नेह्यानें घर घेतलें व वास्तुशांतीस आम्हांस अगत्यानें बोलाविलें. घर लखलखीत होतें. दिवाणखान्यांतील मुख्य भिंत पाहून सारी मंडळी थक्क झालीं, कारण ती भिंत नव्हतीच. खालपासून वरपर्यंत हिरवीगार पालवी, मधून मधून पांढरीं फुलें, आणि पानांच्या आड लपविलेले दिवे. बटण दाबलें कीं रानांत पहाट होई. लहान मुलांनीं ती पहाट दहा-पंधरा वेळां करविली. स्नेह्यांच्या आत्याबाई, वयानें ऐंशींच्या पुढच्या, त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. आम्हांस वाटलें त्यांना फार आवडली. त्या म्हणाल्या,

‘अरे, इथं खिडकी होती ना रे? घर बघायला आलों तेव्हां मी इथंच उभी होतें.’

‘होती, आत्या. खाडीकडची. पण धूळ फार येते, संध्याकाळीं डास येतात, आणि ए. सी. लावायचा म्हटल्यावर ती कायम बंदच. मग म्हटलं, बंदच करायची तर नीट तरी करूं.’

‘आणि माझी तुळस?’

‘तुळशीची सोय करूं कीं. हल्लीं अगदीं खऱ्यासारखी मिळते.’

आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. पुढें जेवणें झाल्यावर हात धुण्याच्या निमित्तानें आम्ही मागील बाजूस गेलों. तेथें धुण्याच्या यंत्रापाशीं एक हातभर रुंदीची फट होती. तींतून पाहिलें तों ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उन्हानें चकाकत होता, तिवरांवर बगळे उतरत होते, आणि पलीकडे दुर्गाडीचा उंचवटा. प्लायवूडचा एक तुकडा, त्यावर हिरव्या प्लास्टिकचा थर; त्याच्या पाठीमागें हें सगळें होतें. म्हणजे निसर्ग घरांत यावा म्हणून आमच्या स्नेह्यांनीं जो दरवाजा बंद केला, तो निसर्गाच्या येण्याचाच होता.

आमचें म्हणणें एवढेंच कीं घरांतला निसर्ग ही वस्तु नव्हे. तो घराचा बाहेरच्या जगाशीं असलेला व्यवहार आहे. ऊन कोणत्या महिन्यांत कोठवर आंत येतें, वारा कोणत्या बाजूनें शिरून कोणत्या बाजूनें निघतो, पागोळ्यांचें पाणी कोठें पडतें व कोठें मुरतें, खरकटें कोणत्या झाडाच्या आळ्यांत जातें, ह्या देण्याघेण्यालाच तें नांव शोभतें. जुन्या घरांत कोणी निसर्ग आणीत नसे, कारण तो बाहेर घालविलेलाच नसे. ह्याच ठाणे जिल्ह्यांतील जुनें घर घ्या. भिंत म्हणजे कारवीचा कुड. कारवीच्या काठ्या सह्याद्रीच्या उतारावरून तोडून आणावयाच्या, त्या उभ्या विणावयाच्या, त्यांवर माती व शेण लिंपावयाचें. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदां फुलते, डोंगर जांभळा करते, बीं टाकते आणि मरते. तिच्या सांपळ्याची माणूस भिंत करी. पुढें पडवी, तींत आल्यागेल्यानें टेकावें. ओटी, माजघर, आणि मागें परसूं, जेथें अळूचें पान सांडपाण्यावर पोसलेलें. आंगणांत तुळस. सण आला कीं दारावर आंब्याचा टाळा. घराचा हरएक भाग जवळच्या कोठल्या तरी जागेहून आलेला असे व मोडल्यावर तेथेंच परत जाई. भिंतीला तडा गेला तर मूठभर माती घेऊन घरची बाई ती बुजवी. दुरुस्तीचें कंत्राट द्यावें लागत नसे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर आमच्यावर भलताच आरोप येईल. तें घर आम्हांस परत नको आहे. कुडाच्या घरांत अंधार असे, चुलीचा धूर डोळ्यांत व छातींत जाई, पावसाळ्यांत ओल चढे, आणि सारवणाचें सारें कष्ट बायकांच्या मनगटांवर असत. ज्यांनीं कधीं सारवलें नाहीं ते पुरुषच सारवलेल्या जमिनीच्या गारव्याचीं वर्णनें अधिक करतात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. वीज, नळ, पक्की फरशी, चांगला संडास हें सर्व आल्याबद्दल कोणी शहाण्या माणसानें अश्रु ढाळूं नयेत. आमची तक्रार सोयीविरुद्ध नाहीं. सोय मिळाली, मग सोंग कशाला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि सोंगाला आतां शास्त्राचा आधार दाखविला जातो. सजावटीचे पंडित ‘बायोफिलिया’ ह्या शब्दाचा वारंवार उच्चार करतात. एडवर्ड विल्सन ह्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानें १९८४ सालीं त्याच नांवाचा ग्रंथ लिहिला. सजीव सृष्टीकडे मनुष्याची ओढ उपजत असते, असें त्याचें प्रतिपादन. त्याच सालीं रॉजर उलरिख ह्यानें ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत एक लहानसा पण फार गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियांतील एका रुग्णालयांत १९७२ ते १९८१ ह्या काळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्यानें तपासल्या. तेवीस रोग्यांच्या खोल्यांच्या खिडक्यांतून झाडें दिसत. त्यांच्याशीं सर्व बाबतींत जुळणाऱ्या दुसऱ्या तेवीस जणांना विटांची भिंत दिसे. झाडें पाहणारे सरासरीनें पाऊण दिवस आधीं घरीं गेले, आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधें कमी लागलीं. हा पुरावा आज प्लास्टिकची वेल विकणाऱ्या दुकानांतूनहि ऐकूं येतो! पण वाचकांनीं नीट पाहावें. त्या रोग्यांना औषध मिळालें तें खिडकींतून. तीं झाडें बाहेर, जमिनींत, उभीं होतीं. त्यांचीं पानें गळत व फुटत. त्यांवर ऊन हालत असे. आमच्या स्नेह्यांनीं हा शोध वाचला, खिडकी बुजविली, आणि विटांच्या भिंतीलाच हिरवा रंग दिला. एवढा उलटा अर्थ काढावयालाहि बुद्धि लागते.

कुंड्यांनीं हवा शुद्ध होते, हें दुसरें पालुपद. त्याचें मूळ १९८९ सालच्या एका प्रयोगांत आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठीं वुल्व्हर्टन ह्या शास्त्रज्ञानें हवाबंद लहान पेटींत झाडें ठेवून कांहीं विषारी वायु कमी होतात कीं काय हें पाहिलें, आणि ते कमी झाले. परंतु घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. २०१९ सालीं कमिंग्ज व वॅरिंग ह्या दोघांनीं अशा पुष्कळ प्रयोगांचे आंकडे एकत्र मांडून हिशेब केला, तेव्हां असें निघालें कीं साध्या वायुवीजनानें जें काम सहज होतें तें झाडांकडून करवून घ्यावयाचें तर दर चौरस मीटर जमिनीमागें दहांपासून हजारपर्यंत कुंड्या मांडाव्या लागतील. म्हणजे घरांत माणसास उभें राहावयास जागा उरणार नाहीं, पण हवा मात्र खिडकी उघडल्याइतकी शुद्ध होईल. मनी प्लांट जरूर लावावा, डोळ्यांस बरें वाटतें. पण त्याच्यावर खिडकीची चाकरी लादूं नये.

आतां चित्रांविषयीं. भिंतीवर झाडें-वेली काढणें हा गुन्हा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर अजिंठ्याच्या विहारांतील छतें आमच्या तोंडावर येऊन पडतील. तेथें कमळें आहेत, फळें आहेत, वेलबुट्टी आहे. परंतु तीं चित्रें काढणाऱ्यांच्या गुहेखालीं वाघूर नदीचें वळण होतें, व समोर डोंगरावर रान होतें. कमळ पाहावयाचें राहून गेलें म्हणून तें छतावर काढलेलें नाहीं. पाहून मन भरलें म्हणून काढलें आहे. चित्र चित्र म्हणून असावें. त्यानें खिडकीचें सोंग घेतलें कीं तें चित्रहि राहत नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या घरांत कपाटाच्या दारांवर वारली चित्रें होतीं, छापील, चकचकीत, दारागणिक तींच तीं तीन नाचणारीं माणसें. ह्या प्रकाराचा तर आम्हांस विशेष विषाद वाटतो, कारण ही चित्रें कोणाचीं हें कोनपासून फार दूर जाऊन शोधावें लागत नाहीं. वारल्यांच्या घरीं लग्न असलें कीं कुडाची भिंत शेणामातीनें सारवून गेरूनें लाल करीत, आणि सुवासिनी तांदळाच्या पिठाच्या पाण्यानें तीवर चौक लिहीत. त्याच्या मध्यभागीं पालघट देवी, भोंवतीं झाडें, जनावरें, माणसें. तांदूळ शेतांतला, गेरू जमिनींतला, भिंत रानांतली. आणि लग्न झाल्यावर तें चित्र जपून ठेवण्याचा खटाटोप कोणी करीत नसे. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) ह्यांनीं तें कागदावर आणलें, देशोदेशीं नेलें व २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ सालीं वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनहि प्राप्त झालें. हें सर्व उत्तम झालें. परंतु चित्राला मान मिळाला तेवढ्यानें चित्रांतल्या झाडांना मिळाला असें मात्र नाहीं. २०१९ च्या आक्टोबरांत मुंबईच्या आरे वसाहतींत मेट्रोच्या गाड्या ठेवण्याच्या जागेसाठीं दोन हजारांहून अधिक झाडें दोन-तीन दिवसांत पाडलीं गेलीं. सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली तोंपर्यंत बहुतेक काम आटोपलें होतें. त्या आरेंतहि वारल्यांचे पाडे आहेत. ज्या सुशिक्षित घरांत वारली चित्रांची चादर असते, त्यांतील किती घरांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं, हें आम्ही विचारीत नाहीं.

आतां धूळ, डास व जागा. हे तीन आक्षेप खरे आहेत, आणि ते टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. भिवंडीच्या रस्त्यावर अवजड गाड्यांची रांग रात्रंदिवस चालते. तेथील खिडकी उघडी ठेवणाऱ्या गृहिणीचे हाल आम्ही जाणतों. दिवसांतून दोनदां पुसणें तिच्याच वांट्यास येतें. परंतु धुळीवर उपाय खिडकी बुजविणें हा झाला, तर खोकल्यावर उपाय कान बुजविणें हाहि म्हणावा लागेल. डासांच्या बाबतींत पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश पंडिताची आठवण होते. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग उघडला त्याचा तो पहिला प्राध्यापक. हिंदुस्थानांतील शहरें पाहत फिरतांना त्याला सगळीकडे एकच हुकूम आढळे: हिंवताप येतो, सबब तळीं बुजवा. तो म्हणे, तळें बुजवूं नका, तळ्यांत मासे व बदकें सोडा. डासांची व्यवस्था तींच लावतील. खाडीच्या कांठीं राहणाऱ्या माणसानें तर हें सहज समजावें. तिवराच्या मुळांत माशांचीं पिलें वाढतात. तीं तिवरें मेलीं व चिखलावर राडारोड्याचें डबकें झालें, कीं मग जाळ्याहि पुरत नाहींत.

राहिली जागा. मुंबईकडे जागा नाहीं हें आम्ही जन्मापासून ऐकतों. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसें मेलीं. त्यानंतर १८९८ सालीं इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टानें घरबांधणीस एक नियम लावला: समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून येणारा उजेड साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनानें खालच्या मजल्यावरील खोलीच्या पायथ्याशीं पोंचला पाहिजे, एवढें अंतर मध्यें सोडावें. परक्या सरकारच्या त्या ट्रस्टाचीं पापें पुष्कळ होतीं. त्यानें गरिबांचीं घरें पाडलीं तितकीं बांधलीं नाहींत. तरी उजेड हा माणसाचा हक्क आहे व तो अंशांत मोजून घेतां येतो, ही गोष्ट त्यानें कायद्याच्या भाषेंत मांडली. ज्या गांवाचें नांवच कोन, तेथें घर घेतांना उजेडाचा कोन किती हें कोणी विचारूं नये, आणि लॅमिनेटचा रंग कोणता ह्यावर नवराबायकोनें तीन रविवार घालवावे, ह्यांत जागेचा दोष कितीसा?

थोड्या जागेंतहि आकाश ठेवतां येतें ह्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यांत आहे. १९८० नंतरच्या दशकांत चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) ह्यांनीं सिडकोसाठीं बेलापूर येथें एक वसाहत बांधली. भूखंड केवढे? पंचेचाळीसपासून पंचाहत्तर चौरस मीटरपर्यंत. तेवढ्यांत प्रत्येक घरास स्वतःचें उघडें आंगण, शेजाऱ्याशीं सामाईक भिंत नाहीं, आणि सात-सात घरांमध्यें एक चौक. गरज वाढेल तसें घर वाढवावें अशी योजना. पुढें तेथल्या बऱ्याच मालकांनीं जुनीं घरें पाडून आंगणें झांकलीं व स्लॅब घातले, हेंहि सांगितलें पाहिजे. शिल्पकारानें दिलेलें आकाश आम्हीं परत केलें. आणि हाच प्रयोग आम्ही सहाव्या मजल्यावरहि करतों: मिळालेली बाल्कनी पहिल्याच वर्षीं आंत घेतों, तिला कांच लावतों, खोली चार फूट वाढली म्हणून पेढे वांटतों, आणि दुसऱ्या वर्षीं घर कोंदट वाटतें म्हणून हिरव्या भिंतीचा भाव काढतों. जागा नव्हती असें नाहीं. होती ती आम्हींच बंद केली.

एवढ्यानें भागतें तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ज्याचें घर त्याची भिंत. त्यानें तीवर रान चिकटवावें नाहीं तर समुद्र. आम्हांस भय वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. बंद केलेली खिडकी ही केवळ उजेडाची वाट नसते. ती एक साक्षीदारहि असते. कोनच्या त्या फटींतून आम्हांस तिवरें दिसलीं, तशीच तिवरांच्या कडेला ओतलेल्या राडारोड्याची एक पांढुरकी रांगहि दिसली. हा ढीग कोणीं टाकला, केव्हां टाकला, हें त्या इमारतींतील कोणासहि सांगतां आलें नाहीं. कसें सांगतां यावें? त्या बाजूला कोणी पाहतच नाहीं. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांची तोड थांबविणारा व त्यांच्या भोंवतीं पन्नास मीटरपर्यंत बांधकाम व भराव मना करणारा हुकूम दिला. २०१८ च्या सप्टेंबरांत अखेरचा निकाल देतांना, तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भंग आहे, असें ठरविलें. हा खटला सरकारनें होऊन चालविलेला नाहीं. बाँबे एन्व्हायरन्मेंटल ॲक्शन ग्रुप ह्या नागरिकांच्या संस्थेला तो लढवावा लागला. म्हणजे कोणी तरी खिडकींतून पाहिलें, त्याला राहवलें नाहीं, तेव्हां कायदा हालला. ज्या पिढीच्या खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलें आहे तिच्यांतून असा फिर्यादी कसा निघणार?

आणि न पाहिल्यानें बाहेरचें जग कांहीं थांबून राहत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं कल्याण-भिवंडीच्या सखल भागांत पाणी शिरलें तें आजहि लोक विसरलेले नाहींत. २७ जुलै २०१९ रोजीं ह्याच उल्हासच्या पुरांत बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, आणि हजारांवर उतारूंना बोटींनीं सोडवावें लागलें. पाणी मुरावयाची जमीन फरशीखालीं गाडली, पसरावयाची खाचरें भरावाखालीं गेलीं, अडविणारीं तिवरें राडारोड्याखालीं मेलीं. मग नदीला घरांत आणावयास सजावटकाराची गरज पडत नाहीं. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत ती आपण होऊन येते, गोट्यांसकट.

तेव्हां घरांत निसर्ग हवा असें ज्यांना मनापासून वाटतें, आणि तें वाटणें खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं, त्यांनीं पैसे व हट्ट दोन्ही दुसरीकडे लावावे. घर पाहावयास जातांना खोल्या मोजण्याआधीं उजेड पाहावा, आणि तो सकाळीं एकदां व दुपारीं एकदां पाहावा. बाल्कनी उघडी ठेवावी. आवारांतल्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविण्याचा ठराव सोसायटीच्या सभेंत आला, कीं हात वर न करतां तोंड उघडावें. गाडीच्या जागेसाठीं जांभूळ तोडावयाचा निघाला तर विरोध नोंदवून घ्यावा, व लेखी घ्यावा. खाडीकडे भरावाची गाडी गेलेली दिसली तर तिचा क्रमांक टिपून तहशील कचेरींत द्यावा. ह्यांत शोभा कांहीं नाहीं, छायाचित्र चांगलें येत नाहीं, आणि शेजाऱ्यांशीं वांकडें येतें. प्लास्टिकच्या वेलीनें कोणाशींच वांकडें येत नाहीं, म्हणूनच ती इतकी खपते.

परवां पुन्हां कोनास जाण्याचा योग आला. आत्याबाईंनीं तुळशीची सोय स्वतःच केली होती. साऱ्या इमारतींत सकाळचें ऊन पडतें तें एकाच ठिकाणीं, जिन्याच्या वळणावरील खिडकींत. तेथें त्यांनीं डालड्याच्या जुन्या डब्यांत रोप लावलें होतें. रोज सकाळीं त्या लिफ्टनें न जातां भिंतीला धरून अर्धा जिना उतरतात, तांब्याभर पाणी घालतात, खिडकीच्या गजांतून थोडा वेळ खाडीकडे पाहतात व वर येतात. शेजारच्या बिऱ्हाडांतील दोन मुलें आतां त्यांच्याबरोबर उभीं राहतात, आणि भरती कीं ओहोटी ह्यावर पैज लावतात. आम्ही गेलों त्या दिवशीं डब्याच्या वरच भिंतीवर सोसायटीची एक टंकलिखित सूचना चिकटविलेली होती: सामाईक जागेच्या सौंदर्यास बाधा येत असल्यानें सदर वस्तु आठ दिवसांत हलवावी. तिच्या खालीं, प्रवेशद्वारापाशीं कृत्रिम हिरवी भिंत बसविण्याकरितां प्रत्येक सभासदाकडून घ्यावयाच्या वर्गणीची दुसरी सूचना होती.

आत्याबाईंना वाचतां येतें. त्यांनीं दोन्ही सूचना वाचल्या होत्या. ‘आठ दिवस झाले कीं बघूं,’ असें त्या म्हणाल्या, आणि पाणी घालावयास गेल्या.